शेठला बोनलेस चालत नाही

"नाही म्हणजे नाही, आजी. बोनलेसच जाणार," केतन म्हणाला.

"मग तूच जाऊन भरव. चमच्याने," मी म्हणाले.

"टोमणे नकोत. बर्थडे पार्टीतली सहा पोरं रडली. एकीच्या आईनं मला विचारलं, बकऱ्याचं तोंड आमच्या बाजूला करून का ठेवलं होतं. काय उत्तर देऊ मी?"

"सांगायचं, बकऱ्यानं स्वतः फिरवलं नव्हतं."

हे भांडण आमच्या किचनच्या दारात चाललं होतं. माझ्या हातात सत्तूर होता. भांडताना हातात सत्तूर बरा दिसत नाही म्हणून मी तो ओट्यावर ठेवला. कीपर थॉमस पाइप घेऊन फरशी धूत होता. एकाच फरशीवर तो पाच मिनिटं पाणी सोडत होता, म्हणजे कान आमच्याकडे.

मुद्दा साधा होता. शेठनं दोन महिने धड खाल्लं नव्हतं. आमच्या डॉक्टर हुदा त्या सकाळीच सांगून गेल्या होत्या, की उद्याच्या मंगळवारीही त्यानं तोंड लावलं नाही तर बुधवारी भूल देऊन नळीनं भरवायचं. आणि या वयात तो भुलीतून उठेलच असं त्या सांगू शकत नव्हत्या.

शेठ म्हणजे आमचा कोमोडो ड्रॅगन. नावात ड्रॅगन असला तरी आग वगैरे ओकत नाही. आपल्या घोरपडीच्याच खानदानातला, फक्त इंडोनेशियाचा, आणि नाकापासून शेपटीपर्यंत मोजला तर अल नहदा भागातल्या माझ्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरेल एवढा. पोट जमिनीला टेकवून चालतो, जेवण समोर आल्याशिवाय उठत नाही, म्हणून शेठ.

भांडण इथेच सोडते. ते कसं मिटलं ते शेवटी. मधलं माहीत नसेल तर त्या मिटण्यात काही गंमत नाही.

आणि मधलं पुष्कळ आहे. डीप फ्रीझरच्या कडेला बर्फ धरतो ना, तसे आमच्याकडे किस्से धरतात. रोज थोडा थोडा, लक्षातही येत नाही. मग एक दिवस दार लागेनासं होतं, आणि बसून खरवडावं लागतं. तर आज खरवडायला बसले आहे.

*

मी तिथे पोचले कशी, ते आधी.

माझा मुलगा अविनाश फ्रोझन मटणाचं ट्रेडिंग करतो. इथे आखातात एका मॉलच्या मागे बंद छताखाली एक प्राणी-केंद्र आहे, तिथे मटण तोच पुरवतो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मदतनिसाला ताप आला म्हणून डिलिव्हरीबरोबर मी गेले. अविनाश म्हणाला, आई, तू गाडीत बस. मी गाडीत बसणाऱ्यातली नाही.

किचनमध्ये एक उंच, देखणा मुलगा बकऱ्याची मांडी कापत होता. कापत कसला, प्लंबर पाइप कापतो तशी करवत चालवत होता. हाडाचा भुगा उडत होता. मला बघवेना. मी सुरी घेतली, बोटानं सांधा चाचपला, दोन फटके. मांडी वेगळी, नळी वेगळी.

तो मुलगा झूऑलॉजीतला एम.एससी. होता. त्यानं फार अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमचं शिक्षण कुठे झालं?"

"सातवीपर्यंत शाळेत," मी म्हणाले. "पुढचं वडिलांच्या दुकानात."

माझे वडील खाटीक होते. कराडजवळ दुकान होतं. हे मी कधी हळू आवाजात सांगितलेलं नाही, आणि तेव्हाही सांगितलं नाही. संध्याकाळी त्या केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला, आजी, तुम्ही येता का आमच्याकडे? तो मॅनेजर केतन निघाला. केतनला मी तो सात वर्षांचा असल्यापासून ओळखते. ते पुढे येईल.

अविनाश दोन दिवस रुसला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मला गमबूट आणून दिले, माझ्या मापाचे.

*

शेठच्या काचेबाहेर पूर्वी एक मोठा बोर्ड होता. त्यावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलेलं होतं, की या प्राण्याच्या तोंडात जगातली सगळ्यात घाण लाळ असते, तो एकदा चावतो आणि शिकार जंतूंनी सडून मरते.

इंग्रजी मी फोनवर शिकले, एकेक शब्द टाइप करून. तो बोर्ड वाचायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मी डॉक्टर हुदांना गाठलं. त्या सुदानच्या, बोलायला मऊ, पण खोटं खपवून न घेणाऱ्या. आमचं दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमतं.

मी म्हणाले, डॉक्टर, हा बोर्ड लिहिणाऱ्यानं याला जेवताना पाहिलेलं नाही. जेवण झालं की हा पंधरा मिनिटं ओठ चाटतो, पाल्यावर तोंड घासतो, एक गाल, मग दुसरा गाल. माझ्या मुलानं लहानपणी कधी एवढं तोंड धुतलं नाही. हा घाण कसा?

डॉक्टर म्हणाल्या, बरोबर आहे, ती जुनी थिअरी. मग त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं, आणि मी पाहिलेलं त्यांना सांगितलं. तिकडे त्याच्या बेटावर हरणं असतात, रानडुकरं असतात, आणि माणसांनी नेलेल्या म्हशी. हरणाला हा एकदाच धरतो, पोटाला किंवा मानेला. चावा वाघासारखा दणकट नसतो. हा धरतो आणि मागे ओढतो. दात आत वळलेले, कडेला करवतीसारखे, त्यामुळे ओढलं की मांस उघडतं, डब्याचं झाकण उघडावं तसं. वरून खालच्या जबड्यातून विष सुटतं. त्या विषानं रक्त गोठत नाही आणि बीपी खाली जातं.

"म्हणजे मी रोज सकाळी जी गोळी घेते, तेच काम?" मी विचारलं.

"तेच," त्या म्हणाल्या. "फक्त डोस जास्त."

मग हरीण थरथरतं, बसतं, त्याला चक्कर येते, आणि फार वेळ जात नाही. मला ते ऐकून बरं वाटलं, खरं सांगते. मी जनावर मरताना जवळून पाहिलेलं आहे. रक्त गेलं की डोळे आधी शांत होतात.

"आणि जंतू?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, म्हैस मोठी असते, ती चावा बसला तरी निसटते आणि जखमेसकट शेणाच्या डबक्यात जाऊन उभी राहते. तिथे जखम चिघळते. लोकांनी नुसती मेलेली म्हैस पाहिली.

म्हणजे बघा. म्हशीला ताप आला डबक्यानं, आणि इतकी वर्षं बदनामी याच्या तोंडाची!

तो बोर्ड महिन्याभरात बदलला. नवा बोर्ड मी एका दिवसात वाचला.

*

मराठी कुटुंब आलं की मला लांबूनच कळतं. वडील काचेसमोर उभे राहतात, छाती थोडी पुढे येते, आणि पोरांना गड आणि घोरपडीची गोष्ट सुरू होते. दोर बांधला, कड्यावर फेकली, घोरपड चिकटली, मावळे वर चढले.

एकदा ऊद मेथाहून असंच एक कुटुंब आलं होतं. वडिलांनी गोष्ट अगदी रंगवून सांगितली, हातवारे करून. शेठ आत पडून बघत होता. गोष्ट संपली तेव्हा त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी बराच वेळ शेठकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, बट हू वॉज होल्डिंग द अदर एंड?"

वडील म्हणाले, मावळे.

"सो ही जस्ट हॅड टू वेट अपस्टेअर्स," ती शेठकडे बोट दाखवून म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी काय मदत करणार? पोरगी शिकारीतलं सगळं समजली होती.

*

ती समजली, पण एक लीडरशिप ट्रेनर समजला नाही.

खलिफा सिटीच्या बाजूच्या कुठल्याशा ऑफिसची वीस माणसं बसनं आली होती, टीम बिल्डिंगला. ट्रेनर सुटात, गळ्यात माइक. त्यानं सगळ्यांना शेठसमोर उभं केलं आणि सांगितलं, आज आपण प्रेडेटरकडून शिकणार. स्पीड, अग्रेशन, ॲक्शन.

शेठ झोपला होता. म्हणजे लोकांना झोपला होता असं वाटत होतं. मंगळवार होता, आणि मंगळवारी माझी ट्रॉली उजव्या दारानं येते हे त्याला माहीत असतं. तो सकाळपासून त्या दाराच्या वाटेला आडवा पडून राहतो, पाचोळ्यात हनुवटी टेकवून. तासन् तास. फक्त जीभ येते-जाते. दोन टोकांची जीभ, वास कुठून जास्त येतो ते तोलणारी. रानातही तो असाच हरणाच्या पायवाटेशेजारी पडतो. हरणाच्या मागे लांबवर धावत नाही, तेवढा दम नाही त्याच्यात. हरीण रोजच्या वाटेनं येतं, आणि रोजच्या वाटेनं येणारा बेसावध असतो. म्हशीसारखं मोठं काही चावा बसूनही निसटलंच, तर हा घाईही करत नाही. मागे मागे चालतो. एक दिवस, दोन दिवस. वाटेत नातेवाईकही येऊन मिळतात.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, मला विचारलं नव्हतं तरी.

ट्रेनर अर्धा तास शेठ हलायची वाट बघत राहिला. मग त्यानं विचारलं, ओके टीम, आपण काय शिकलो?

मागून एक टक्कल पडलेले गृहस्थ हिंदीत म्हणाले, "यही, कि साहब चुप बैठे हों तो छुट्टी की ॲप्लिकेशन लेकर नहीं जाना."

एकोणीस माणसं हसली. विसावा हसला नाही, तोच साहेब असणार. ट्रेनरनं यल्ला यल्ला म्हणत सगळ्यांना पोपटांकडे नेलं.

*

आता एसीवाल्या रशीदभाईंचा किस्सा. यात कुणी वाईट नाही, आधीच सांगते. रशीदभाई पेशावरचे. बावीस वर्षं या देशात लोकांची घरं गार करत आलेले. कुणाला घाम आलेला त्यांना बघवत नाही.

ऑगस्ट महिना. बाहेर पायाखालचा डांबरी रस्ता मऊ झालेला. रशीदभाई शेठच्या खोलीचा ब्लोअर बघायला आले. आत पाहतात तर एवढा मोठा जीव दिव्याखाली पडलाय, वरून झळ येतेय, तोंड उघडं, पोट फुगलेलं. आदल्या दिवशी तो मांडीसकट अर्धा बकरा जेवला होता. रशीदभाईंचं मन भरून आलं. त्यांनी कुणाला न विचारता दिवा बंद केला आणि टेंपरेचर अठरावर आणलं. जाताना काचेवर हात ठेवून दुवा दिली, हे थॉमसनं पाहिलं. पण थॉमसला वाटलं वरून ऑर्डर असेल.

इथे एक सांगायला हवं. याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. जेवल्यावर त्याला उन्हातच पडावं लागतं, नाहीतर पोटातलं पचायच्या आत सडतं. रानात तो हरणाचं भलं मोठं मांस बघता बघता पोटात ढकलतो, हाड, खूर, केस सगळं, आणि मग दिवसचे दिवस ऊन खात पडतो. नको ते, केस आणि खुराचा गोळा, सवडीनं ओकून टाकतो. शिकार करणं हे त्याचं निम्मंच काम. निम्मं काम उन्हाचं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर शेठ दगडासारखा गार, आणि समोर ती अख्खी मांडी, जशीच्या तशी परत केलेली. मी कापलेला सांधा मी ओळखला.

दिवे लागले, हुदा डॉक्टर धावत आल्या, शेठ दोन दिवसांनी हलायला लागला. रशीदभाईंना बोलावलं. मला वाटलं होतं खूप बोलेन. पण तो माणूस काचेसमोर टोपी हातात घेऊन उभा होता. मला म्हणाला, "आपा, मैंने तो मेहमान समझकर ठंडा किया था."

मी त्यांना चहा दिला. गरम.

*

आता केतन.

तीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा ऊद मेथाला राहत होतो, हे कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये होते, आणि मी डबे करायची. एका हाती, व्हेज आणि नॉनव्हेज, भांडी वेगळी. खालच्या मजल्यावर केतनचं कुटुंब होतं. पक्के शाकाहारी, घरात अंडंही नाही. केतनची आई ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेली आणि महिनाभर तिथेच राहिली. घरात बाप आणि सात वर्षांचा केतन.

केतनचे वडील माझ्या दारात आले. डबा हवा होता, पण प्रश्न बाहेर पडत नव्हता. शेवटी म्हणाले, "वहिनी, भांडी वेगळी असतात ना?"

"भांडी वेगळी आहेत," मी म्हणाले. "हात तेच आहेत."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली आणि डबा घेतला. हा माणूस मला त्या दिवसापासून आवडला.

पण पोरगं जेवेना. वडिलांनी काय काय करून पाहिलं. भात मऊ करून, वरण गाळून, पोळीचे तुकडे दुधात कुस्करून. शेजारणी यायच्या, पुढ्यात वाटी धरायच्या, बिचारा, आई नाही म्हणून गालावरून हात फिरवायच्या. तो तोंड मिटून बसायचा. चौथ्या दिवशी मी खाली गेले तर टेबलावर आंब्याच्या फोडी. हापूस, चौकोनी कापलेला, काचेच्या बाउलमध्ये, वर छोटा काटा खोचलेला. कापून कापून त्या आंब्याचं फर्निचर केलं होतं. आणि केतन भिंतीकडे बघत बसलेला.

मी वर गेले. माझ्याकडे कराडहून आलेले रायवळ आंबे होते, रेषा असलेले, आंबटगोड. एक घेतला, धुतला, केतनच्या हातात अख्खा ठेवला. सुरी नाही, बाउल नाही, खा असंही म्हणाले नाही. देठाकडचं तोंड तेवढं दातानं काढून दिलं आणि मी माझा दुसरा आंबा घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

तो बघत राहिला. मग त्यानं चावा घेतला. साल ओढली. ती सुटेना, तशी मान हिसडून ओढली. मग जे सुरू झालं, ते बाठ पांढरी होईपर्यंत. दात रेषांत अडकलेले, रस कोपरापर्यंत, शर्टाचं खलास. मध्येच रडायलाही लागला, पण खाणं थांबवलं नाही. दोन्ही एकदम चालू होतं.

वडील ऑफिसातून आले. त्यांना दारातून आधी शर्ट दिसला. ते काही म्हणायच्या आत पोरगं म्हणालं, "इंदूआजी, वन मोअर."

तेव्हा मी चाळिशीत होते. आजी मला पहिल्यांदा यानं केलं. त्याची आई महिन्यानं बरी होऊन घरी आली. तिनं तो शर्ट धुऊन पाहिला, डाग गेला नाही, तरी टाकला नाही, असं मी ऐकलंय.

*

तर हा केतन. आज सदतिसाचा आहे, एमबीए केलंय, केंद्र चांगलं चालवतो, माणसांना पगार वेळेवर देतो. आणि अजूनही शाकाहारी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सहा वर्षांत त्यानं शेठला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. मंगळवारी अकरा वाजले की त्याला ऑफिसमध्ये काहीतरी अर्जंट निघायचं.

बर्थडे पार्टीवाल्या तक्रारीनंतर त्यानं फर्मान काढलं. अख्खा बकरा बंद. कातडं नको, डोकं नको, हाड नको. स्वच्छ बोनलेस क्यूब, दीड इंचाचे, स्टीलच्या ताटात, चिमट्यानं द्यायचे. तेही पाहुणे यायच्या आत. मला वाईट वाटलं ते याचं, की त्यानं हे प्रेमानंच केलं होतं. म्हातारा झालाय, त्याला ओढाताण कशाला, असंही म्हणाला.

मी क्यूब कापले. हुकूम होता. पहिल्या आठवड्यात शेठनं ते गिळले. नंतर निम्मे ठेवले. मग वास घ्यायचा आणि मान फिरवायचा. मंगळवारी दाराच्या वाटेला पडणंही त्यानं सोडलं, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडू लागला. त्याचे दात हिरड्यांत लपलेले असतात, ओढताना बाहेर येतात. ओढायलाच काही नाही, तर हिरड्या सुजून दातांवर चढल्या. हुदा डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या केतनला दोनदा लेखी कळवून चुकल्या होत्या, अख्खं जनावर द्या म्हणून. केतन म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात बघू.

दोन महिन्यांत शेठच्या शेपटीवर हाडांच्या गाठी दिसायला लागल्या. आणि मग तो सोमवार, किचनचं दार, थॉमसचा पाइप.

माझं सगळं बोलून झालं होतं. ओढणं म्हणजे त्याचं जेवण आहे, हे सांगून झालं. बकरा मेलेलाच येतो, जिवंत कधी देत नाही, कायद्यानं देताही येत नाही आणि मी देऊही देणार नाही, हे सांगून झालं. रडलेल्या पोरांना माझ्याकडे पाठव, मी समजावते, हेही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, तुम्ही समजावलंत म्हणून आणखी दोन रडली. हे खरं होतं.

मग त्याचा आवाज एकदम उतरला. ओट्याला टेकून उभा राहिला. मला दिसत होतं, की हाही दोन महिने झोपलेला नाही.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. मंगळवारी केंद्र उघडायच्या आत मी आणि थॉमसनं एक अख्खा बकरा, कातड्यासकट, आतल्या ओंडक्याला जाड दोरानं बांधला. ओढल्याशिवाय सुटणार नाही असा. मग आम्ही काचेबाहेर आलो. शेठ कोपऱ्यात पडला होता. बराच वेळ काही नाही. मग जीभ आली, गेली, परत आली. तो उठला. सावकाश चालत आला, ओंडक्याला एक फेरी मारली, आणि धरलं. पाय रोवले, मान खाली, आणि मागे. दोर ताणला. सुजलेल्या हिरड्यांतून त्याचंच रक्त आलं, लाळेत मिसळलं, तरी त्यानं सोडलं नाही. दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्यांदा मांस सुटलं. थॉमसनं छातीवर क्रूस काढला. हुदा डॉक्टर तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. आणि केतन काचेला नाक लावून होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अकरा वाजता त्याचा फोन वाजला, तो त्यानं उचलला नाही.

पण हे मंगळवारचं. सोमवारी तो ओट्याला टेकून उभा होता आणि मला विचारत होता. भांडायचा सूर गेला होता, खरंच विचारत होता.

"आजी, हाड काढलं, कातडं काढलं. एवढे बारीक तुकडे करून तोंडापर्यंत नेतो आम्ही. त्याला काही म्हणता काही करावं लागत नाही. मग तो खात का नाही?"

थॉमसनं नळ बंद केला.

मी म्हणाले, "केतन, तुला मी आंबा कापून दिला होता का रे?"